मदत हवी आहे: आधी विसरण्यावर काम करू की गणिताच्या वेगावर?
बारावी सायन्सला आहे, एमएचटी-सीईटी (इंजिनिअरिंग वगैरेची राज्याची प्रवेश परीक्षा) पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित ग्रुपने देणार. तीन सराव पेपर वेळ लावून सोडवले आणि चुकलेला किंवा राहिलेला प्रत्येक प्रश्न कारणासकट वहीत उतरवला. एकूण ९६ निघाले. ४१ वाचलेले होते पण ऐन वेळी आठवले नाहीत, ३० ना वेळ पुरला नाही, २५ मुळातच येत नव्हते. वेळेअभावी राहिलेले सगळे गणितातले. ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात, मी ४० वर अडकते. विसरलेले बहुतेक इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीतले.

नोट्स परत परत वाचून पाहिल्या, फरक पडला नाही. पंधरा दिवसांपासून पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवून लिहिते. याने खरंच लक्षात राहतं, पण एका धड्याला तास जातो. गणिताच्या वेगासाठी अजून काहीच केलेलं नाही.

कॉलेज, प्रॅक्टिकल धरून रोज अडीच तास मिळतात. क्लास नाही, लावणं शक्यही नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही हे माहीत आहे, त्यामुळे राहिलेल्यांना अंदाजे खुणा करतेच.

गणिताच्या प्रश्नाला २ गुण, केमिस्ट्रीच्या प्रश्नाला १. मग प्राधान्य चुकांच्या संख्येवरून ठरवू की गेलेल्या गुणांवरून? आणि अडीच तासांची वाटणी तुम्ही कशी कराल?