कोल्हापुरातलं 'बोर्डिंग'

प्रश्न : आजोबांच्या आठवणी टंकून काढतेय. त्यात 'बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो' असं वारंवार येतं. नव्या वाचकांसाठी 'वसतिगृह' केलं तर चालेल का? आजोबा कोल्हापुरात शिकले.

उत्तर : ताई, कृपा करून बदलू नका. कोल्हापुरात हा शब्द संस्थेच्या नावाचा भाग आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क, हे नाव मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचं. शिवाय लिंगायत, नामदेव शिंपी, दैवज्ञ असा एकेक समाज येत गेला. जागा आणि वार्षिक मदत शाहू महाराजांच्या दरबाराची, कारभार त्या-त्या समाजाच्या जाणत्या माणसांचा.

इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे जेवण, आणि खरी अडचण तिथंच होती. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घालता येईल, पण शिरोळ-गडहिंग्लजकडच्या कुणब्याच्या पोरानं शहरात जेवायचं कुठं? ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरी मागता यायची, वार लावून जेवता यायचं. इतरांना ती वाट नव्हती. 'वसतिगृह' म्हटलं की डोक्यावरचं छप्पर तेवढं दिसतं, ताट दिसत नाही. 'बोर्डिंगात राहून' या दोन शब्दांत तुमच्या आजोबांनी आपल्या दोन वेळच्या जेवणाचा हिशेब सांगितलाय, असं मला वाटतं.

कर्मवीर भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्कच्या उद्घाटनाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. त्याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढून सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं : छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. जातवार व्यवस्था मोडली तरी भाऊरावांनी शब्द तोच ठेवला.

प्रश्न : मग पाटीवरचं 'लॉजिंग-बोर्डिंग'?

उत्तर : ते प्रवाशांचं, पैसे मोजून. मूळ एकच, वापर वेगळा. आपल्याकडे 'बोर्डिंगचा पोरगा' म्हटलं तर कुणी लॉजवर उतरलेला माणूस समजत नाही.

प्रश्न : लिंग कोणतं? आजोबांनी कुठं 'बोर्डिंग सुरू झाले' लिहिलंय, कुठं 'झाली'.

उत्तर : नपुंसकलिंगी. ते बोर्डिंग, बोर्डिंगात, बोर्डिंगातून. 'झाली' असेल तिथं आधी अनेकवचन आहे का बघा, 'बोर्डिंगे सुरू झाली' असंही जुन्या लिखाणात येतं. कॉलेजच्या स्वतःच्या इमारतीविषयी लिहिलं असेल तिथं 'वसतिगृह' खुशाल ठेवा. दसरा चौकातल्या इमारतीचा उल्लेख असेल, तर 'बोर्डिंग'ला हात लावू नका. रिक्षावालाही आज 'मुस्लिम बोर्डिंग' याच नावानं ती जागा ओळखतो.