मदत हवी आहे : ‘वॉकर’ आडनावाचा अर्थ ‘चालणारा’ असाच द्यायचा का?

तळटीप
एका इंग्रजी चरित्राच्या अनुवादात वॉकर आडनावावर चार ओळींची टीप द्यायची आहे. मसुद्यात ‘वॉकर म्हणजे चालणारा, फिरस्ता’ असं आहे. ते पटत नाही, कारण त्या काळी पायी तर सगळेच चालायचे. तीन गोष्टी हव्यात : नेमका अर्थ, आज हे आडनाव किती पसरलेलं आहे, आणि 1860च्या दशकात मुंबई इलाख्यात असलेल्या एका वॉकर नावाच्या गोऱ्या सोजिराचं मूळ गाव नुसत्या आडनावावरून सांगता येईल का. मराठी प्रतिशब्दही सुचवा.

ताणाबाणा
फिरस्ता काढून टाका. वॉकर हा धंद्यावरून पडलेला शब्द आहे : मागावरून उतरलेलं लोकरी कापड ओलं करून पायांनी तुडवणारा. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थच लोळवणं, उलटसुलट करणं असा होता. ‘पायी जाणं’ हा अर्थ नंतर चिकटला.

कापड तुडवायचं कशाला? मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ असतं आणि त्यात लोकरीचं स्वतःचं मेण, शिवाय सूतकताईच्या वेळी लावलेलं तेल असतं. ते हौदात घालून त्यावर शिळं मूत्र ओतायचे. मूत्र काही दिवस ठेवलं की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो तेलकटपणा सोडवतो. मग एक चिकणमाती घालून उरलेलं तेल शोषून घ्यायचे. ही माती म्हणजे आपली मुलतानी मातीच, तिचं ‘फुलर्स अर्थ’ हे इंग्रजी नावही याच धंद्यावरून पडलंय (फुलर म्हणजेही कापड तुडवणारा). त्यानंतर गरम पाणी, साबण आणि तुडवणं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते ओलाव्यात आणि दाबाखाली एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. लांबी-रुंदीत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा कमी होतो, पण वीण दिसेनाशी होते, वारा आणि पाऊस अडतो. आपल्याकडे विलायतेहून येणारी बनात याच जातीची.

बिघडतं ते घडीवर. कापड एकाच घडीत तुडवत राहिलं तर घडीची रेघ कायमची बसते, म्हणून मधूनमधून बाहेर ओढून घडी बदलावी लागते. जास्त तुडवलं तर नमदा (दाबून घट्ट झालेली लोकर) होतो, आणि आटलेलं परत मोकळं होत नाही. शेवटी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचं.

खलबत्ता
वरच्या प्रतिसादात थोडी भर. पायांनी तुडवणं इंग्लंडात फार लवकर मागे पडू लागलं. पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांच्या गिरण्या बाराव्या शतकापासून दिसतात. टेंपलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या 1185च्या नोंदवहीत अशा गिरण्या आहेत. आडनावं पिढीजात ठरली ती मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकात. म्हणजे ज्याला ‘तुडव्या’ म्हणून नाव पडलं तो बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात गिरणी चालवत होता, शब्द मात्र जुनाच राहिला. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर बायका टेबलाभोवती बसून, गाणी म्हणत हातांनी कापड आपटायच्या. त्या कामाचं इंग्रजी नावही याच धातूवरून आहे.

नकाशेवाला
या आडनावाची खरी गंमत नकाशावर आहे. एकाच धंद्याची इंग्लंडात तीन आडनावं आहेत. उत्तरेत, पश्चिम मिडलंड्समध्ये आणि स्कॉटलंडात वॉकर. आग्नेयेला आणि पूर्व अँग्लियात फुलर. डेव्हन, सॉमरसेट या नैर्ऋत्य भागात टकर. फुलर लॅटिनमधून आला. टकर ज्या जुन्या धातूवरून आला त्याचा अर्थ छळणं, म्हणजे त्या कापडाचे हाल लक्षात घेतले तर योग्यच! कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गावच आहे. यॉर्कशरमध्ये लोकरीचा धंदा जोरात होता, त्यामुळे तिथे वॉकर ढिगाने सापडतात.

यातले फुलर आणि वॉकर समानार्थी होते याचा पुरावा चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलात आहे. मार्कच्या नवव्या अध्यायातल्या शुभ्र वस्त्रांच्या ओळीत हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवलेत, म्हणजे कुठल्याही प्रांताच्या वाचकाला कळावं.

आडवाटेने
मला वाटतं गस्त घालणारा हाही अर्थ आहे. राजाच्या राखीव जंगलाच्या एका हद्दीला ‘वॉक’ म्हणत आणि तिथल्या रखवालदाराला वॉकर.

नकाशेवाला
हद्दीला ‘वॉक’ म्हणत हे बरोबर. पण आडनावासाठी तो तर्क कमजोर आहे. आडनाव तंतोतंत लोकरीच्या मुलखात दाटलेलं आहे, आणि फुलर-टकर असलेल्या भागात विरळ आहे. रखवालदारांवरून आलं असतं तर जिथे जिथे राखीव जंगलं तिथे तिथे दिसलं असतं.

दुसरी उगमं आहेत, पण ती वेगळी. शेवटच्या ‘कर’वरून कोणी गाव शोधायला जाऊ नये असं म्हणणार होतो, पण गाव खरंच आहे! न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्ती आहे. अर्थ ‘भिंतीजवळची दलदल’, भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनची. काही थोडी घराणी त्या गावावरून आलेली असू शकतात. शिवाय हायलंड्समधल्या गेलिक भाषेत ‘तुडव्याचा मुलगा’ अशा अर्थाचं आडनाव होतं, इंग्रजीकरण करताना त्यातल्या काहींनी वॉकर घेतलं. म्हणून सगळे वॉकर एका कुळाचे हे विसरा. आणि ‘वॉकर घराण्याचं मानचिन्ह’ विकणाऱ्यांपासून दूर राहा. इंग्लंडात मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

आकडेमोड
प्रसाराबद्दल. ब्रिटनमध्ये वॉकर पहिल्या वीस आडनावांत येतं. अमेरिकेच्या 2000च्या जनगणनेत 28वा क्रमांक, 2010मध्ये 31वा. माणसं घटली नाहीत, दोन्ही वेळा 5 लाखांच्या वरच आहेत. पेरेझ, सांचेझ आणि रामिरेझ ही तीन आडनावं पुढे गेली, एवढंच. तळटिपेत ‘लोकप्रियता घटली’ असं चुकून लिहू नका. अमेरिकेतल्या वॉकरांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास लोक कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरीतून सुटल्यावर घेतलेली किंवा आधीपासून चालत आलेली ही नावं, त्यांचा यॉर्कशरच्या लोकरीशी रक्ताचा संबंध जोडता येत नाही.

दप्तरखाना
सोजिराचं गाव : नुसत्या आडनावावरून नाही. वॉकर फार पसरलेलं आहे. कागद लागतील, आणि ते या क्रमाने पाहा.

आधी मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांचे दाखले. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/3’ या क्रमांकाखाली आहेत (बंगालचे एन/1, मद्रासचे एन/2). लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव मिळतं, जन्मगाव सहसा मिळत नाही. पण पलटणीचं नाव मिळतं, आणि खरी किल्ली तीच.

ती राणीच्या फौजेतली पलटण असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ 97’ ही कागदांची मालिका पाहा. त्या कागदात जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावविभाग) आणि भरतीपूर्वीचा धंदा लिहिलेला असतो. लोक इथेच फसतात : 1883पर्यंत या मालिकेत मुख्यतः पेन्शनवर सुटलेलेच आहेत. नोकरीत असताना कॉलऱ्याने गेलेला सोजीर तिथे सापडत नाही, आणि शोधणारा समजतो की माणूसच नव्हता. त्याच्यासाठी पलटणीचे हजेरीपट बघावे लागतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या गोऱ्या पलटणींचे कागद मात्र इंडिया ऑफिसच्याच दप्तरात.

पॅरिश कळल्यावर : इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्मनोंद 1 जुलै 1837 पासून, स्कॉटलंडमध्ये 1855 पासून. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत.

एक सावधगिरी. बडोद्याच्या संदर्भात वॉकर आला की 1807चा काठियावाडचा खंडणी-करार करणारा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर आठवतो. तो स्कॉटिश होता. नात्याचा कागद नसताना तुमच्या सोजिराला त्याच्याशी जोडू नका.

तळटीप
सर्वांचे आभार. आता असं लिहितो आहे : ‘वॉकर : विणलेले लोकरी कापड ओले करून तुडवणाऱ्या धोब्याचे व्यवसायदर्शक आडनाव, उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडात मुख्यतः आढळते. याच व्यवसायाची दक्षिणेकडील आडनावे फुलर व टकर.’ चालेल?

ताणाबाणा
‘धोब्याचे’ काढा. मराठी बायबलात वर सांगितलेल्या ओळीत परीट आहे, तिथे पांढरं करण्याचा मुद्दा आहे म्हणून खपतं. तुमच्या टिपेत नाही खपणार : धोबी वापरलेला कपडा धुतो, हा नवं कापड आटवून घट्ट करतो. सुती कापड असं आटून नमदा होत नाही, म्हणून आपल्याकडे या धंद्याला सरळ शब्द नाही. ‘तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिराचे’ एवढंच लिहा.

नकाशेवाला
आणि ‘मुख्यतः’ऐवजी ‘मूळचे’. आज ते सगळीकडे आढळतं.