बारा डिस्कचा सर्व्हर घरात आणि झोप उडाली: पंखे बदलायचे की नाही?

शटर_अंबाजोगाई
लग्नाचं शूटिंग करतो. मागच्या दोन सीझनचं फुटेज सुट्या डिस्कवर पडलेलं होतं. पुण्याच्या एका जुन्या मालवाल्याकडून टू-यू म्हणजे साडेतीन इंच उंचीचा, १२ डिस्क मावणारा रॅक सर्व्हर आणला. मधोमध ८० मिलिमीटरचे तीन पंखे आहेत. बटण दाबलं की अंगणात मळणी यंत्र सुरू झाल्यासारखं वाटतं. शेजारच्या खोलीत आई झोपते, तिनं पहिल्याच रात्री विचारलं, "घरात गिरणी टाकलीस का रे?"

माझं मत स्पष्ट आहे. हे पंखे डेटा सेंटरसाठी बनवलेत, तिथं रात्री कोणी झोपत नाही. ते काढायचे आणि त्याच मापाचे नोक्टुआ कंपनीचे शांत पंखे बसवायचे. मिनिटाला जास्तीत जास्त २२०० फेरे, आवाज जवळपास नाहीच. कोणाचा विरोध असेल तर बोला, मंगळवारी ऑर्डर टाकणार आहे.

जालन्याचा वायरमन
माझा विरोध आहे. तो पंखा हौस म्हणून ओरडत नाही. पुढं १२ डिस्क दाटीवाटीनं उभ्या, त्यांच्यामागं बारीक भोकांचा बॅकप्लेन, म्हणजे डिस्क ज्यात खोचतात ती पाटी. या फटींमधून हवा ओढून काढायची तर पंख्याला दाब लागतो, आणि दाब वेगाच्या वर्गानं घटतो. फेरे निम्मे केले की दाब चौथाई. मोकळ्यावर तुमचा नोक्टुआ छान वारा देईल, बॅकप्लेनमागं त्याचा दम कोंडेल.

आता हिशोब. २०० वॅट खाणाऱ्या पेटीतून मिनिटाला ३० घनफूट हवा गेली, तर बाहेर पडताना ती साधारण १२ अंशांनी तापलेली असते. मे महिन्यात खोलीत ४० असेल तर मागून ५२ ची हवा. बहुतेक डिस्कवर वरची मर्यादा ६० लिहिलेली असते. हवा आणखी कमी केल्यावर काय उरतं ते तुम्हीच बघा.

गंजगोलाई
वायरमन दादा, उगा भीती कामून घालायलाव? गूगलनं २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. डिस्क गरम झाली म्हणून लवकर मरते, असं सरसकट नातं त्यात दिसलंच नाही. उलट फार थंड ठेवलेल्या डिस्क जास्त गेल्या होत्या. माझ्याकडं लातूरला चार वर्षं मवाळ पंख्यांवर आठ डिस्क चालल्यात. उन्हाळ्यात ४८ ला जातात, काही होत नाही.

जालन्याचा वायरमन
तो अभ्यास पुढंही वाचा की. तीन वर्षांपुढच्या डिस्कवर जास्त तापमानाचा परिणाम दिसला होता. शटर भाऊंच्या डिस्क नव्या आहेत का जुन्या मालातल्या? आणि गूगलच्या खोलीत लाईट गेल्यावर कूलर बंद पडत नाही. आपल्याकडं लाईट गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू, कूलर बंद, खिडक्या लावलेल्या. त्या तासाभरासाठी पंख्यात जोर शिल्लक लागतो.

शटर_अंबाजोगाई
डिस्क जुन्याच आहेत. चार तर रंगावरूनच कळतात.

बळदातला उंदीर
डिस्कचं सोडा, कार्डाचं कोणी बोललंच नाही. डिस्क ज्या कार्डाला जोडतात त्या एचबीएवर नुसती ॲल्युमिनिअमची जाळी असते, पंखा नसतो. वारा मिळेल हे ते कार्ड गृहीत धरतं. मी असेच पंखे बदलले होते, चूक माझीच. डिस्क ४३ वर खुशाल होत्या, आणि एका दुपारी चार डिस्क एकदम गायब. डिस्क मेल्या म्हणून रडत बसलो. कार्डाला हात लावला तर चटका बसला. जाळीवर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा बांधला, तेव्हापासून ठीक. बदलायचे तर बदला, पण आधी त्या कार्डाला वारा द्या.

परभणीची सून
सगळे पंख्याच्या पात्यावरच भांडताय. त्याला पळवतंय कोण ते कोणी बघितलं का?

बोर्डावर पंखे आणि तापमानावर नजर ठेवणारी बीएमसी नावाची चिप असते (मुंबईची नव्हे), आयपीएमआय नावाच्या सोयीतून तिच्याशी बोलता येतं. सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हर बोर्डांवर पंख्यांचे मोड असतात: स्टँडर्ड, ऑप्टिमल, हेवी आयओ, फुल. जुन्या मालात तो बरेचदा फुलवरच सोडलेला असतो. आणि पुष्कळ बोर्डांवर बीएमसीला डिस्कचं तापमान दिसतच नाही, ती प्रोसेसर बघून पंखा ठरवते. म्हणजे नुसता मोड उतरवलात तर प्रोसेसर थंड, पंखा निवांत आणि पुढं डिस्क भाजतायत.

म्हणून माझं मत: मूळचे दणकट पंखे राहू द्या, लगाम आपल्या हातात घ्या. वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, आणि १० डेसिबल उतरला की कानाला निम्मा वाटतो. दर दोन मिनिटांनी स्मार्टसीटीएल या कमांडनं सगळ्या डिस्कचं तापमान वाचायचं, सगळ्यात गरम असेल तिच्यावरून वेग ठरवायचा. तापमान वाचता आलं नाही तर स्क्रिप्टनं पंखे फुल करून टाकायचे. ही ओळ विसरू नका.

आणि ऋतूचं बघा. मेमध्ये कूलर घरघरत असतो, त्यापुढं सर्व्हर कोणाला ऐकू येतोय? आवाज टोचतो तो डिसेंबरात, सगळं शांत असतं तेव्हा. पण तेव्हा परभणीत पहाटे १० अंश असतात, पंखा रांगला तरी चालतो.

गंजगोलाई
ताई, लगामाचं पटलं. पण सर्व्हरचा पंखा २००० फेऱ्यांवर आणला तरी त्याची मोटर कुरकुरते. नोक्टुआ त्याच वेगाला गप्प असतो. दोन्ही शेजारी ठेवून ऐकलंय.

परभणीची सून
खरं आहे, कुरकुरते. पण नोक्टुआ २२०० च्या पुढं जाऊ शकत नाही आणि हा गरज पडली तर जातो. शिवाय मवाळ पंखा लावला की नवीन खोड निघते. फेरे बीएमसीच्या किमान मर्यादेखाली गेले की तिला वाटतं पंखा मेला. ती सगळे पंखे फुल पळवते, मग मर्यादा ओलांडली म्हणून पुन्हा खाली आणते, पुन्हा वर. रात्रभर दम्याच्या रुग्णासारखे उसासे. आधी आयपीएमआयटूल या कमांडनं ती मर्यादा खाली करावी लागते.

बळदातला उंदीर
सर्व्हर झोपायच्या खोलीजवळ कशाला ठेवता? आमच्या आजोळी अजून माळवदाचं घर आहे. पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, भर उन्हाळ्यात आत गारवा. माझा सर्व्हर तिथल्या बळदात आहे, दार लावलं की आवाज नाही.

जालन्याचा वायरमन
दार लावलं की गरम हवाही आतच. २०० वॅट म्हणजे दिवसाला जवळपास पाच युनिट, तेवढी उष्णता बाहेर जायला वाट लागते. वरती जाळीचा झरोका आहे का?

बळदातला उंदीर
आहे. धान्यासाठीचाच जुना. महिन्याला पुढची जाळी ब्रशनं साफ करतो, धुरळा फार येतो.

गंजगोलाई
नशीबवान आहात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या घरच्यांनी मातीच्या भिंतींचं नावच टाकलं. माळवद पाडून स्लॅब ओतला. आता रात्री अकरालाही भिंत हाताला गरम लागते.

धाराशिवचा भाचा
१२ छोट्या डिस्क कशाला फिरवायच्या? १२ गुणिले ४ टीबी म्हणजे ४८. त्याऐवजी १६ टीबीच्या चार घ्या, ६४ होतात. वीज कमी, आणि १२० मिलिमीटर पंख्याच्या साध्या कॅबिनेटमध्ये मावतात. तो सर्व्हर विकून टाका.

शटर_अंबाजोगाई
भाचे, चार डिस्कसाठी सोयाबीन विकू का? आहे त्यातच भागवायचंय.

शटर_अंबाजोगाई (तीन आठवड्यांनी)
ऑर्डर टाकली नाही. ताईंचं ऐकून मोड बघितला तर खरंच फुलवर होता. ऑप्टिमल केला, वर स्क्रिप्ट लावली, रिकाम्या चार खणांना कोरे ट्रे बसवले, म्हणजे हवा वाट सोडून तिथून पळत नाही. रात्री पंखे ३५ टक्क्यांवर असतात. कूलरचा झोत थेट सर्व्हरवर येत होता तोही वळवला, बोअरचं पाणी खारट आहे, त्याचे तुषार आत नकोत.

वायरमन दादा, काल दुपारी खोलीत ३९ होते. सगळ्यात गरम डिस्क ४७. तेव्हा पंखे ७० टक्क्यांवर गेले होते.

जालन्याचा वायरमन
४७ मला पटत नाही. दुपारी ४५ ला फुल करा, तेव्हा कोण झोपतंय?

गंजगोलाई
आई झोपतात की. दुपारची झोप काय झोप नसती?

शटर_अंबाजोगाई
आई म्हणते गिरणी गेली, पण आता खोलीत डास शिरलाय. बारीक, एका सुरात. मलाही ऐकू येतो.

परभणीची सून
तो पॉवर सप्लायमधला ४० मिलिमीटरचा पंखा आहे. आधी मोठ्या आवाजात दबला होता. त्याला स्क्रिप्टचा लगाम लागत नाही. सुपरमायक्रोची पेटी असेल तर मॉडेलच्या नावाशेवटी एसक्यू असलेला पॉवर सप्लाय जुन्यात शोधा, तो बराच शांत असतो. मॉडेल नंबर टाका, बसतो का बघून सांगते.