मदत हवी आहे: अफूची तलफ डी अँड डीच्या नियमांत कशी बसवावी? (कँटन, १८३९)

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं वठवण्याचा खेळ) याची पाचवी आवृत्ती (२०१४ ची) खेळतो, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. जादू आणि राक्षस काढून टाकलेत. सगळी पात्रं मुंबईहून माळव्याची अफू घेऊन कँटनला (चीनमधलं आजचं ग्वांगझोऊ) गेलेल्या एका पारशी व्यापाऱ्याच्या पदरची. त्यातला सखाराम कारकून. पेट्यांचा हिशेब ठेवता ठेवता तोच अफूला लागला, ही कल्पना तो खेळणाऱ्या मित्राचीच.

१८३९ च्या मार्चमध्ये चिनी बादशहाने अफू बंद करायला पाठवलेला अधिकारी लिन झेशू कँटनला येतो आणि २४ तारखेपासून परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या वखारींत कोंडतो, जवळजवळ सहा आठवडे. चिनी नोकर निघून गेलेले, दारात पहारा. सखारामाच्या डबीतली शेवटची गोळी दुसऱ्याच रात्री संपली.

माझा नियम असा होता: गोळी नाही मिळाली की रोज कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (शरीर तग धरतं का ते ठरवणारा फासा), १५ च्या खाली गेला तर एक्झॉश्चनच्या, म्हणजे थकव्याच्या, दोन पायऱ्या. झोपच लागत नाही म्हणून लाँग रेस्टही (एक पायरी कमी करणारी रात्रीची विश्रांती) नाही. पडले ९, मग ६. तिसऱ्या पायरीपासून सेव्हवरच डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी तो धरायचा) लागतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ४. सहावी पायरी, म्हणजे मरण.

टेबलावर कुणीच बोललं नाही. मित्राने कॅरेक्टर शीट घडी करून वहीत ठेवली आणि एवढंच म्हणाला, "अरे, असं नसतं रे ते." त्याच्या घरात हे दुखणं होऊन गेलंय. मला ते माहीत होतं, तरी आधी त्याच्याशी बोललो नाही, याचं फार वाईट वाटतंय.

नंतर नीट वाचून काढलं. अफू तुटल्यावर आठ-बारा तासांत जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट: पोटात पिळा, जुलाब, उलट्या. आठवडाभरात शरीर बरंचसं सावरतं. अंगातलं पाणी फार गेलं तर गोष्ट वेगळी, पण धडधाकट माणूस सहसा यात दगावत नाही. जिवाला खरा धोका पुढे असतो. शरीराची सवय मोडलेली असते, माणूस जुन्याच मापाने गोळी घेतो आणि श्वास मंदावत जातो. म्हणजे मी मरण नेमकं चुकीच्या जागी ठेवलं होतं.

आता एक्झॉश्चन दुसऱ्या पायरीवर थांबवणार, चौथ्या दिवसानंतर झोप लागेल तशी एकेक पायरी कमी. जिवावरचा सेव्ह फक्त जुन्या मापाने पुन्हा घेतली तर. आणि तलफ वेगळी, विझ्डम सेव्हवर (मनाच्या निग्रहाचा फासा), शरीर बरं झाल्यावरही चालू राहणारी.

अडलंय ते इथे. सेव्ह हुकला की "सखारामाने गोळी घेतली" असं मी सांगायचं का? मग पात्र खेळाडूच्या हातातून जातं. सगळं त्याच्यावर सोडलं तर तो दर वेळी नाही म्हणेल, आणि तलफ नावापुरती उरेल. मला सुचलेला मार्ग: सेव्ह हुकला तरी नाकारता येईल, पण दुसऱ्या दिवसभर सगळ्या चेकवर (एखादं काम जमतं का ते ठरवणाऱ्या फाशांवर) डिसअॅडव्हान्टेज. असं कुणी प्रत्यक्ष खेळवलंय का? चार-पाच आठवडे टिकतं, की नुसती आकडेमोड होते?

मित्राशी फोनवर बोललो. त्याला सखाराम परत हवाय आणि ते तीन दिवस पुन्हा खेळायचेत. जूनमध्ये कँटनजवळच्या हूमेनला वीस हजारांहून जास्त पेट्यांची अफू खड्ड्यांत मीठ-चुना घालून विरघळवतात आणि समुद्रात सोडतात. तिथे सखाराम हिशेबाची वही घेऊन उभा असावा, असं दोघांनाही वाटतं. तोपर्यंत त्याला न्यायचंय. दुखण्याचं किती वर्णन टेबलावर करायचं आणि किती "रात्र वाईट गेली" एवढ्यावर सोडायचं, हे ज्यांनी असं काही खेळवलंय त्यांनी कृपया सांगा. पुढचा डाव याच शनिवारी आहे.