'भ्रम' लिहू की 'संभ्रम'?

अबोली: बाबा ८१ वर्षांचे. लघवीच्या संसर्गाने ताप आला, त्यातच न्हाणीघरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळतंय, पण दीड महिना झाला तरी मन ठिकाणावर नाही. सकाळी पेपर वाचून दाखवतात. दिवेलागणीला मात्र सोप्यावरून उठायची धडपड सुरू होते, "पूल पडलाय, बेतीची फेरी चुकेल." मांडवीचा पूल १९८६ साली पडला तेव्हा ते फेरीने पणजीला कचेरीत जात. आता सोप्यावर बसून चप्पल शोधत असतात.

डिस्चार्ज कार्डावर 'डिलिरियम' आहे, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मनाचा गोंधळ. रात्री सोबतीला येणाऱ्या बाईसाठी मी चिठी लिहिली, 'बाबांना भ्रम झाला आहे.' वाळपईची ती, चिठी वाचून हळूच म्हणाली, "बाये, बाबा पिशे जाल्यात काय?" कोकणीत पिशे म्हणजे वेडे. माझ्या पोटात गोळाच आला. मराठीत नेमका शब्द कुठला?

जुनी लिपी: 'संभ्रम' लिहा. भ्रम म्हणजे नसलेलं खरं वाटणं, दोरीचा साप होणं. संभ्रमात काय खरं तेच उमगत नाही.

तांबडी माती: संभ्रम नको. तो परीक्षेच्या तारखेबाबत असतो. शिवाय माझी वहिनी कारवारकडची, माहेरी कन्नड. तिच्या कानाला संभ्रम म्हणजे सणाची धामधूम. सासऱ्यांच्या आजारपणात मी फोनवर 'संभ्रम आहे' म्हटलं, तर ती बोलायचीच थांबली. आमची आजी सरळ 'वात झाला' म्हणायची. तापात पोर बरळायला लागलं की वात.

मोगरा: मी परिचारिका आहे. हल्ली वात म्हटलं की घरचे सांध्यांना तेल लावत बसतात, म्हणून तो शब्द नको. 'स्मृतिभ्रंश' तर मुळीच नको. तो महिनोन्महिने, वर्षानुवर्षं चढत जातो. डिलिरियम तासा-दिवसांत येतं, एकाच दिवसात कमीजास्त होतं, संध्याकाळी बळावतं. संसर्ग, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, झोपेच्या गोळ्या, काहीही कारण असतं. कारण गेलं तरी निवळायला आठवडे लागतात, कधी महिने. काही जण आरडाओरड न करता नुसते गप्प पडून राहतात. ते तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

अबोलीताई, एक विचारते. पडताना डोक्याला मार लागला होता का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? मेंदूवरचा रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनी कळतो. ग्लानी वाढली, डोकं दुखलं, तर थांबू नका, लगेच दाखवा.

जुनी लिपी: मोगराताईंच्या शब्दावरून सांगतो. 'स्मृतिभ्रंश' गीतेत आहे, दुसऱ्या अध्यायात, ६३वा श्लोक. तिथे तो क्रोधातून येतो, म्हातारपणातून नाही. भ्रंश म्हणजे खाली पडणं, भ्रम म्हणजे फिरणं. भोवरा त्याच घरातला. तापातल्या बरळण्याला जुना शब्द सन्निपात, त्यातही पडणंच आहे. म्हणून मला 'संभ्रम'मधला भ्रम मनापासून पटतो. फिरणारं स्थिरावतं.

पाणवठा: एवढा काथ्याकूट कशाला? डिलिरियमच म्हणा. आपण रोज 'इस्पितळ' म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांकडूनच आला ना?

जुनी लिपी: इस्पितळ चारशे वर्षं तोंडात घोळलंय. चिठीतला डिलिरियम त्या बाईला कोण समजावणार?

अबोली: बाबांचा सीटी स्कॅन झालाय मोगराताई. गोळीचं आज विचारते. आणि शब्द बाईनेच दिला. काल रात्री म्हणाली, "पिशे न्हय, ते घुस्पल्यात." आता कपाटावर चिकटवलंय, 'संध्याकाळी बाबा घुस्पतात. दिवा लवकर लावा. चष्मा द्या. फेरीवरून वाद नको.' काल चष्मा लावल्यावर त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं आणि विचारलं, "एवढी वर्षं झाली?"

जुनी लिपी: वाचून गलबललो. पण घुस्पणं कोकणी आहे. मराठीत गुरफटणं.

तांबडी माती: गुरफटतो तो दोरा.

जुनी लिपी: विचारांतही माणूस गुरफटतोच की.

तांबडी माती: बरं, दिव्यावरून सुचलं. दिव्याची वात आणि अंगातला वात एकच का?

जुनी लिपी: नाही. दिव्याची 'वर्ति'पासून, म्हणून ती. अंगातला म्हणजे वारा, म्हणून तो.