मदत हवी आहे : काजू प्रक्रियेची आकडेवारी कोणत्या कोडखाली शोधू?

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ आमचं काजू फोडण्या-सोलण्याचं लहान युनिट आहे, घरची धरून सात माणसं. कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करतेय आणि बँकेला या उद्योगाची मागच्या काही वर्षांची चाल आकड्यांत हवी आहे.

एनआयसी २००८ मध्ये, म्हणजे उद्योगांच्या राष्ट्रीय वर्गीकरणात, आमचा कोड १०७९३, म्हणजे खाण्यायोग्य कवचफळांवरची प्रक्रिया. पण चार अंकांवर थांबलं की १०७९ मध्ये चहा, कॉफी, मसाले, पापड सगळं एकत्र येतं. त्या आकड्यावरून काजूबद्दल काय सांगणार? शिवाय सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत मुख्यतः ठराविक किमान कामगारसंख्या असलेले नोंदणीकृत कारखाने येतात. आमच्यासारखी घराघरांतली युनिटं त्यात नाहीतच, आणि सिंधुदुर्गात तीच तर जास्त दिसतात!

आयात-निर्यातीचं सोपं गेलं. एचएस कोड (आयात-निर्यातीच्या मालाचे आंतरराष्ट्रीय कोड) ०८०१३१ कवचासकट काजू, ०८०१३२ काजूगर. कच्चा माल बाहेरून किती येतो ते त्यातून कळतं.

वार्षिक उद्योग पाहणीच्या युनिट पातळीवरच्या (कारखानानिहाय नोंदींच्या) फाइल्समधून पाच अंकी कोडने महाराष्ट्राचे आकडे कुणी काढले आहेत का? कोणतं सॉफ्टवेअर वापरलंत? आणि लहान युनिटांसाठी असंघटित उद्योगांची पाहणी धरावी, की जिल्हा उद्योग केंद्राकडे उद्यम नोंदणीची (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीची) कोडवार यादी मागावी? माझा कल यादीकडे आहे, पण नोंदणीत कोड चुकतात. आमच्याच नोंदणीत एजंटने १०३०, म्हणजे फळं-भाजीपाला, घातला होता.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट द्यायचा आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.