पुण्यात पीएचडी (37 हजार) की कुरकुंभला नोकरी (24 हजार)? घर पण सांभाळायचंय

कृष्णाकाठ_24:
नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांब होईल, समजून घ्या.

एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री झालंय, सीएसआयआरची नेट परीक्षा जेआरएफसकट (पीएचडीसाठी दर महिन्याची सरकारी फेलोशिप) निघाली आणि पुण्यात एका चांगल्या लॅबमध्ये पीएचडीला सिलेक्शनपण झालंय. होस्टेल मिळेल की नाही अजून सांगितलेलं नाही. दुसरीकडे कुरकुंभ एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत क्यूसीची (औषधांचा दर्जा तपासण्याच्या कामाची) ऑफर आहे, हातात चोवीस हजार, पीएफ वेगळा, कँटीन आणि दौंडहून बस कंपनीची. दोन्हीकडे पुढच्या वीस दिवसांत हो किंवा नाही कळवायचंय.

घरची परिस्थिती सरळ सांगते. पलूस तालुक्यात गाव. बाबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले, पेन्शन तीन हजाराच्या आत. आई अंगणवाडी सेविका, मानधन तेरा हजार. दीड एकर ऊस, त्याचं बिल वर्षातून एकदा येतं आणि सोसायटीचं पीककर्ज भरण्यातच जातं. दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा पतसंस्थेतून कर्ज काढलं, त्यातलं अजून दोन लाख तीस हजार बाकी आहे, हप्ता सहा हजार दोनशे. बाबांच्या गोळ्या महिन्याला बावीसशेच्या. धाकटी बहीण बारावी सायन्सला, तिला इंजिनिअरिंगला जायचंय. म्हणजे घरात महिन्याला सोळा येतात आणि अठरा-एकोणीस जातात, वरचे दोन-तीन कुठूनतरी भागवतो, कधी मावशीकडून कधी दूध घालून.

आता कागदावर बघितलं तर स्टायपेंडच जास्त आहे. पण मामा म्हणतात ते पैसे कायमचे नाहीत, पाच वर्षांनी तू तिशीला आलेली असशील आणि हातात फक्त डिग्री, कंपनीत पाच वर्षांत पगार दुप्पट होतो. आई काही बोलत नाही. बाबा म्हणाले तुझं तू बघ पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळतं की त्यांना दर महिन्याला नक्की येणारा पगार हवाय.

मला रिसर्च करायचाय हे खरं आहे. पण घर अडचणीत टाकून नाही करायचा. ज्यांनी प्रत्यक्ष या पैशात दिवस काढलेत त्यांनी सांगा की पुण्यात राहून घरी किती पाठवता येतं, आणि पुढे काय मिळतं.

पाषाणकर_एसआरएफ:
ताई अभिनंदन आधी, जेआरएफ काढणं सोपं नाही.

मी चौथ्या वर्षाला आहे, पुण्यातच, घर बीड जिल्ह्यात, त्यामुळे तुझा हिशोब मी रोज जगतोय. आकडे सांगतो. जेआरएफ 37,000, दोन वर्षांनी कमिटीपुढे प्रेझेंटेशन होऊन एसआरएफ (फेलोशिपचा वरचा टप्पा) झालं की 42,000, हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे. होस्टेल नसेल तर वर घरभाडे भत्ता, पुणे मोठ्या शहरांच्या वर्गात येतं म्हणून नियमाने 30 टक्के, म्हणजे 11,100. होस्टेल मिळालं तर भत्ता नाही पण होस्टेलच घे, शंभर टक्के. बाहेर पाषाण-सूस रोडला दोघींत एक रूम घेतलीस तरी आठ-नऊ हजार, डिपॉझिट वेगळं, मेस चार हजार आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद, पीएमपीचा पास 2025 च्या जूनमध्ये नऊशेचा पंधराशे झाला. माझं स्वतःचं सगळं धरून बाहेर राहताना एकोणीस हजारात भागायचं, होस्टेलला आल्यावर बारा-तेरात भागतं. म्हणजे घरी पंधरा ते वीस हजार पाठवता येतात आणि तरी थोडे उरतात. मी फेलोशिप हातात यायला लागल्यापासून अठरा पाठवतो. इन्कम टॅक्स लागत नाही, स्कॉलरशिप धरली जाते.

त्यामुळे मधली वर्षं सोड, तिथे तुला काही त्रास नाही. त्रास दोन्ही टोकांना आहे आणि हे कुणी आधी सांगत नाही म्हणून नीट लिहितोय.

पहिलं टोक म्हणजे सुरुवात. जॉईन झालीस की दुसऱ्या महिन्यात पैसे येतील असं धरू नकोस. जॉईनिंग रिपोर्ट, गाईडची सही, ऑफिसची सही, बँक खातं जोडणं, मग वरून मंजुरी, या सगळ्यात माझे पहिले पैसे साडेपाच महिन्यांनी आले. आले ते एकदम आले, एक रुपया बुडाला नाही, पण ते साडेपाच महिने मी दोन सीनिअर्सकडून उसने घेऊन काढले. डिपॉझिटसाठी वडिलांनी कापूस भाव नसताना विकला. ते मला आजही लागतं. नंतरही मार्च-एप्रिलला दोन-दोन महिने अडकतं. तेव्हा जॉईन होण्याआधी निदान साठ-सत्तर हजारांची सोय पाहिजे, घरच्या हप्त्यासकट.

दुसरं टोक सहावं वर्ष. फेलोशिप पाच वर्षांची, आणि सिंथेसिसमध्ये पाच वर्षांत थिसीस जमा करणारे आमच्या लॅबमध्ये दहात तीन-चार. उरलेले सहाव्या वर्षी काय करतात? गाईडच्या प्रोजेक्टमध्ये पैसे असतील तर त्यातून मिळतात, नसतील तर नाही. म्हणून गाईड निवडताना त्याच्या हाताखाली सुटलेल्या शेवटच्या पाच जणांना गाठ आणि दोनच प्रश्न विचार, किती वर्षं लागली आणि शेवटच्या वर्षी पैसे कुठून आले. विषय कितीही भारी असो, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.

अजून एक. फेलोला डीए नसतो. सरकारी नोकराला दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता वाढतो, आपलं मात्र 2014 ला 25, 2019 ला 31, 2023 ला 37, असं चार-पाच वर्षांनी एकदा, तेही पोरं रस्त्यावर आल्यावर. मी जॉईन झालो तेव्हाची मेस आणि आजची मेस यात हजाराचा फरक पडलाय.

लोटे_ते_कुरकुंभ:
मी एमएस्सी करून अकरा वर्षं कंपन्यांत आहे, आधी लोटे परशुराम, आता कुरकुंभच. दुसरी बाजू सांगतो, कारण मामा अगदी चुकीचं बोलत नाहीत.

क्यूसी म्हणजे काय ते आधी बघ. सकाळी सहा-दहाला बस, शिफ्टला सहा-सात एचपीएलसी (सँपल तपासायची मशीन) असतात, त्यात सोडायचं द्रावण म्हणजे मोबाईल फेज बनवा, डिगॅस करा, सँपल इंजेक्ट करा, एकेक रन पन्नास मिनिटांचा, मधेच पीक फाटलं की कॉलम बदला आणि परत पहिल्यापासून. प्रत्येक वजनाची प्रिंट चिकटवून सही, तारीख, वेळ. ऑडिट आलं की दोन आठवडे घर विसरायचं. काम प्रामाणिक आहे आणि मी त्यावर दौंडला वनबीएचके घेतलाय, दोन पोरं शिकतायत, मला माझ्या नोकरीचा अभिमान आहे. पण पाच वर्षांत दुप्पट हे नोकरी बदलली तर. एकाच कंपनीत राहिलो असतो तर आठ टक्क्यांनी चाललं असतं. मी एकोणीस हजारांवर लागलो, सहाव्या वर्षी तिसऱ्या कंपनीत अडतीस, आज बासष्ट.

आता माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट. आमच्याच ग्रुपच्या आर अँड डीत पीएचडी झालेली मुलगी सत्याऐंशी हजारांवर थेट लागली, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. स्केल-अपच्या (मोठ्या प्रमाणात बनवण्याच्या) मीटिंगमध्ये औषध बनवायचा रूट ती ठरवते आणि आम्ही तपासतो. एमएस्सीवाल्याला तिथे जायला भिंत आहे, अनुभव कितीही असो. ऑरगॅनिक सिंथेसिसच्या पीएचडीला पुणे हैदराबादला मागणी असते, हे मी फिजिक्स किंवा बॉटनीबद्दल म्हणणार नाही. तुझा विषय कंपनीला लागणारा आहे हे तुझ्या हिशोबात धर.

मुलींसाठी एक, काही प्लँट्सना नाईट शिफ्ट असते काहींना नाही, आणि सेकंड शिफ्ट सुटली की रात्री दौंडला किती वाजता उतरशील ते ऑफर घेण्याआधी एचआरला विचार.

तासिकावाला:
वरच्या दोघांनी फेलोशिपची आणि कंपनीची बाजू सांगितली, मी प्राध्यापकीची सांगतो कारण पीएचडी म्हटलं की गावाकडे सगळ्यांना वाटतं पोरगं प्रोफेसर होणार.

पीएचडी, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) दोन्ही आहे, सात वर्षं सीएचबीवर म्हणजे तासाच्या पैशावर शिकवतोय. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून, भत्ते धरून पुण्यात लाखाच्या वर जातं. त्याच वर्गात, तोच सिलॅबस, मला तासाला नऊशे. आठवड्याला नऊ तास धर, महिन्याला बत्तीस हजाराच्या आसपास होतात पण जेवढे महिने कॉलेज चालू तेवढेच, मे महिना कोरडा, आणि पैसे महिन्याला येत नाहीत, मागच्या वेळी जुलै ते नोव्हेंबरचे मला मार्चमध्ये मिळाले. किराणावाल्याची वही आणि माझं बिल यांचा कधी मेळ बसत नाही. बायको शिवणकाम करते म्हणून घर चाललंय, हे मी अभिमानाने सांगतो.

अनुदानित जागा निघाली तेव्हा एका संस्थेत इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी फोन आला आणि आकडा सांगितला गेला. वडिलांची होती नव्हती ती सगळी जमीन विकून तो आकडा झाला असता. मी गेलो नाही इंटरव्ह्यूला. म्हणून कळकळीने सांगतो, पीएचडी जरूर कर, पण जवळच्या कॉलेजात लागेन या भरवशावर करू नकोस. दुसऱ्या वर्षापासून कंपनी, सरकारी लॅबच्या शास्त्रज्ञाच्या जागा, बाहेरची पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), हे सगळं डोळ्यापुढे ठेव. सीएसआयआरच्या शास्त्रज्ञाचं मूळ वेतन 67,700 पासून आहे, जागा कमी निघतात पण निघतात.

मुक्काम_गॉटिंगेन:
मूळची मिरजेची, सध्या जर्मनीत पीएचडीचं तिसरं वर्ष. ही वाटपण मोजून बघ एवढंच. इथे पीएचडी ही नोकरी असते, करार सरकारी वेतनश्रेणीचा पण पूर्ण नाही, केमिस्ट्रीत पन्नास ते पंचाहत्तर टक्के. माझा पासष्ट टक्क्यांचा आहे, आरोग्य विमा, पेन्शन, टॅक्स सगळं कापून हातात दोन हजार युरोच्या आसपास. गाव छोटं म्हणून खोली साडेचारशेत मिळाली, म्युनिकला त्यात काही मिळत नाही. घरी पाचशे-सहाशे युरो पाठवते, आणि युरो आता शंभर रुपयांच्या आसपास आहे.

पण पहिला महिना मलाही जड गेला. व्हिसा, तिकीट, खोलीचं डिपॉझिट आणि पहिला पगार महिनाअखेरीस, त्यासाठी वडिलांनी एफडी मोडली. आणि गेल्या वर्षी आजी गेली तेव्हा मी पोचू शकले नाही. बाबांच्या हृदयाचं दुखणं आहे म्हणतेस, तर पुण्याहून पलूस एका रात्रीत गाठता येतं, याचीपण किंमत धर. पीएचडी पुण्यात करून पोस्टडॉकला बाहेर पडणं तुझ्या घरासाठी जास्त बरं, असं मला वाटतं.

पाषाणकर_एसआरएफ:
दोन गोष्टी राहिल्या. बहिणीच्या फीचा बोजा तुझ्या डोक्यात असेल तर 2024 पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी असेल तर. कॅप राऊंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) ॲडमिशन घ्यायची आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा, जूनमध्ये रांग असते. खर्च राहतो तो होस्टेल आणि मेसचा.

आणि सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंतचं मुदतीच्या आत फेडलं की व्याज लागत नाही, ते जसं चाललंय तसं फिरवत राहा. हात घालायचा तो पतसंस्थेच्या कर्जाला. फेलोशिपची थकबाकी एकदम येईल ना, तेव्हा ती खर्चात जाऊ न देता थेट त्या मुद्दलावर भर. मी तेच केलं, अडीच वर्षांत मोकळे झालो. वडिलांनी बेबाकीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवलाय.

कृष्णाकाठ_24:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते कंडक्टर होते त्यामुळे त्यांना हिशोब कागदावरच लागतो, त्यांनी जुन्या डायरीत दोन रकाने पाडले, एकीकडे कुरकुंभ एकीकडे पुणे, आणि पहिल्या सहा महिन्यांच्या ओळीवर बोट ठेवून थांबले. तिथेच अडतं म्हणाले, बाकी पुणंच बरं.

आज सकाळी आईने स्वतःहून सांगितलं की बचत गटातून चाळीस हजार उचलता येतील, तिने कधी उचललेलेच नाहीत आणि तिचा नंबर आहे. वीस-पंचवीस मावशी देईल. कुरकुंभच्या एचआरला जॉईनिंग दोन महिने पुढे मिळेल का ते विचारलं, नाही म्हणाले, पण नीट बोलले.

गाईडच्या हाताखालून सुटलेल्या तिघांचे नंबर मिळालेत. एकीशी बोलणं झालं, तिला पाच वर्षं चार महिने लागले आणि वरचे चार महिने सरांनी प्रोजेक्टमधून दिले म्हणाली. उरलेल्या दोघांना आज फोन करतेय. होस्टेलचा फॉर्मपण भरलाय, त्यात पालकांच्या उत्पन्नाचा रकाना होता. पाषाणकर दादा, तिथे उसाचं बिल वर्षाचं धरायचं की सोसायटी वजा करून, ते जरा सांगा.

पाषाणकर_एसआरएफ:
तहसीलच्या दाखल्यावर जो आकडा असेल तोच टाक, स्वतः वजाबाकी करू नकोस. आणि जॉईन व्हायला येशील तेव्हा फोटोकॉपीचे चार सेट, पासपोर्ट फोटो दहा आणि कॅन्सल चेक घेऊन ये, त्या एका चेकपायी माझे तीन आठवडे गेले होते.